आईच्या ताटातलं अंडं आणि तुमच्या रिपोर्टमधला एलडीएल

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला अल्झायमरचं निदान झालं. ती सांगलीला माझ्याकडे असते. आयुष्यभर सकाळी भाकरीबरोबर अंड्याची पोळी खायची, भातावर तूप घ्यायची. मोठ्या दादाने कुठेतरी वाचलं, की अंड्यातलं कोलेस्टेरॉल मेंदूत साचतं आणि त्यानेच हा आजार होतो. तेव्हापासून अंडं, तूप, साय, खोबरं, शेंगदाण्याची चटणी सगळं बंद. आता ती चहात बिस्किटं बुडवून खाते आणि जेवताना दोन घासांत उठते. वर्षभरात वजन ५२ किलोवरून ४६ वर आलं. तिला मधुमेह नाही, हृदयाचा त्रास नाही. इकडे माझा स्वतःचा एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १७२ आला आहे. मी ४७ वर्षांची. डॉक्टरांनी ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली, पण पुण्याची बहीण म्हणते, मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, त्या गोळीने विस्मरण होतं, आईचं बघतेस ना? मी गोळी सुरू केलेली नाही. मलाही पुढे हा आजार होईल का, जनुकांची तपासणी करून घ्यावी का, काही कळत नाही. आणि रात्री एकच विचार येतो : आईला रोज अंडं मीच करून घालत होते. माझ्यामुळे तर झालं नाही ना?

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्या हातच्या अंड्याने आईला अल्झायमर झालेला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. नेमक्या याच प्रश्नासाठी हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झालेले आहेत.

फिनलंडच्या पूर्व भागात कुओपिओ नावाचं शहर आहे. तिथल्या परिसरातल्या ४२ ते ६० वयाच्या सुमारे अडीच हजार पुरुषांच्या आहाराची बारीक नोंद १९८० च्या दशकात घेतली गेली आणि पुढची २२ वर्षं त्यांच्या प्रकृतीचा माग ठेवला गेला. त्या काळात ३३७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांतल्या २६६ जणांना अल्झायमर. २०१७ मध्ये सगळा हिशेब मांडला, तेव्हा जास्त अंडी खाणाऱ्यांत किंवा आहारातून जास्त कोलेस्टेरॉल घेणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला नाही. उलट अंडी खाणारे काही बौद्धिक चाचण्यांत थोडे सरस ठरले. ते सगळे पुरुष होते, आणि नुसत्या निरीक्षणावरून अंड्याने बुद्धी तल्लख होते असं म्हणता येणार नाही, मीही म्हणत नाही. पण रोजच्या एका अंड्याने मेंदूचा घात होत असता, तर २२ वर्षांत त्याची खूण कुठेतरी उमटली असती.

दुसरी गोष्ट. अल्झायमरमध्ये बीटा-अमायलॉइड नावाचं जे प्रथिन मेंदूत साचतं, ते साचायला लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात झालेली असते. आई पहिल्यांदा गॅस बंद करायला विसरली किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळली, तेव्हा आजार आत बराच पुढे गेलेला होता. त्याला वय कारण असतं, जनुकं असतात, रक्तवाहिन्यांची अवस्था असते. तुम्ही सकाळी तव्यावर जे टाकलंत, ते या कारणांत बसत नाही.

दादावर मात्र रागावू नका. त्याची भीती अगदी हवेतून आलेली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत सशांना कोलेस्टेरॉल मिसळलेलं खाद्य दिलं, तर त्यांच्या मेंदूत अल्झायमरमध्ये दिसतं तसं बीटा-अमायलॉइड सापडलं. संशोधकांचे कान टवकारले जाणं साहजिकच होतं. पण ससा निव्वळ पालेभाजी खाणारा प्राणी. आहारातून आलेलं कोलेस्टेरॉल हाताळण्याची माणसासारखी सोय त्याच्या शरीरात नाही. म्हणून मग माणसांकडे वळावं लागलं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे पाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास चालू होता. जेमतेम दोन वर्षांच्या माहितीवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं, की चरबी आणि कोलेस्टेरॉल जास्त खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक दिसतो. तोवर रुग्ण होते फक्त ५८. त्याच अभ्यासाला सहा वर्षं झाली, रुग्णांची संख्या १९७ वर गेली, आणि २००२ मध्ये त्याच प्रकल्पातून जाहीर झालं, की असा संबंध दिसत नाही. पहिली बातमी गावभर होते. दुसरी कोणी पुढे पाठवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांच्या मुळाशी अशी एखादी अर्धी बातमी असते, आणि तिच्यापायी कोणाचं तरी ताट रिकामं झालेलं असतं.

आता खरी गुंतागुंत. कोलेस्टेरॉल तीन ठिकाणी असतं : ताटात, रक्तात आणि मेंदूत. दादा आणि बहीण दोघांनीही ही तीन ठिकाणं एक मानली आहेत. म्हणूनच दोघांचं म्हणणं एकमेकांच्या अगदी उलट असूनही दोघांचेही सल्ले सारखेच चुकले आहेत.

ताटातलं आधी बघू. एका अंड्यात साधारण १८० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं पिवळ्या बलकात. शरीर स्वतः दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम, म्हणजे याच्या पाचपट बनवतं. बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करतं. म्हणून ताटातल्या कोलेस्टेरॉलने रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, पण बहुतेकांत थोडंच. रक्तातला एलडीएल जास्त वाढवतात ती सॅच्युरेटेड चरबी, म्हणजे तूप, साय, खोबरं यांतली, आणि ट्रान्स चरबी, म्हणजे डालड्यासारख्या वनस्पती तुपातली. शिकागोमध्ये ८१५ ज्येष्ठांचा एक अभ्यास झाला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यातही आहारातल्या कोलेस्टेरॉलचा अल्झायमरशी संबंध आढळला नाही, सॅच्युरेटेड आणि ट्रान्स चरबीचा मात्र आढळला. अमेरिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल खाऊ नका असा सल्ला १९६८ पासून दिला जात होता. तिथल्या सरकारी आहार मार्गदर्शिकेने हा आकडा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकला.

या निमित्ताने दादाच्या यादीकडेही बघा. शेंगदाणा आणि खोबरं यांत कोलेस्टेरॉल नसतंच, कारण ते वनस्पतीजन्य आहेत. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं ठळक छापतात, ते कुठल्याही खाद्यतेलाच्या बाबतीत खरंच असतं. त्यात त्या कंपनीचं कर्तृत्व काही नाही. खोबऱ्यात सॅच्युरेटेड चरबी भरपूर असते, ही गोष्ट वेगळी आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. पण ज्या बिस्किटांना आईच्या ताटात मुभा मिळाली, ती म्हणजे मैदा, साखर आणि बहुधा पामतेल. अंडं काढून आपण तिला हे दिलं.

मेंदूचं प्रकरण निराळंच आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी वीस ते पंचवीस टक्के एकट्या मेंदूत असतं. बहुतेक सगळं मज्जातंतूंवरच्या आवरणात. बहीण म्हणते ते इथवर खरं आहे. पण हे कोलेस्टेरॉल रक्तातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या कणांना आत जाऊ देत नाही. एकाच वाड्यात राहून वेगळी चूल मांडलेल्या भावासारखं मेंदूचं असतं : लागेल तेवढं तो स्वतः शिजवतो, बाहेरच्या ताटातलं त्याच्याकडे जात नाही. म्हणून अंडं खाल्ल्याने मेंदूत कोलेस्टेरॉल साचत नाही, आणि गोळीने रक्तातलं कमी झालं म्हणून मेंदू उपाशीही राहत नाही.

मग कोलेस्टेरॉल आणि अल्झायमर यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो चांगलाच खोल आहे. मेंदूच्या आत कोलेस्टेरॉलची ने-आण करायला अपोई नावाचं प्रथिन लागतं. त्याच्या जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत : ई-२, ई-३ आणि ई-४. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की उतारवयात होणाऱ्या अल्झायमरशी ई-४ चा जवळचा संबंध आहे. आईवडिलांपैकी एकाकडून ई-४ आलं तर धोका साधारण तिप्पट, दोघांकडून आलं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे दुवा आहे तो मेंदूतल्या वाहतुकीचा. त्या फिनलंडच्या अभ्यासात ई-४ असलेल्या माणसांचा हिशेब मुद्दाम वेगळा काढला होता. त्यांच्यातही अंड्याने धोका वाढलेला दिसला नाही.

ही जनुकाची तपासणी करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत विचाराल तर नको. ई-४ असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही आणि नसलेल्या अनेकांना होतो. अहवाल काहीही आला तरी आज तुम्ही करायच्या गोष्टी त्याच राहणार आहेत. वाढेल ती फक्त रात्रीची काळजी, आणि ती तुमच्याकडे आधीच पुरेशी आहे. घरात पन्नाशीच्या आत कोणाला स्मृतिभ्रंश झाला असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला, कारण तो प्रकार वेगळा असतो.

आईबद्दल मला आता घाई आहे, ताई. तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ कोलेस्टेरॉलची नाही, वजनाची आहे. वर्षात ५२ वरून ४६, म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त. या वयात पाच टक्के घटलं तरी डॉक्टर सावध होतात. अल्झायमरमध्ये भूक मंदावते, वास कळेनासा होतो, जेवलो की नाही हे आठवत नाही. त्यात आवडीचं ताटातून गेलं, तर माणूस खाणारच कशाला? स्नायू झिजतात, तोल जातो, पडणं, हाड मोडणं, जंतुसंसर्ग हे त्यामागून येतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शक्यतो कुठलंही पथ्य लादू नये, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. आईला मधुमेह नाही, हृदयविकार नाही. तिचं अंडं आणि तूप उद्या सकाळपासून परत सुरू करा.

अंड्याची पोळी मऊ करा आणि लहान तुकडे करून द्या. दुपारी गुरगुट्या भात, तूप, मेतकूट. शेंगदाणे अख्खे देऊ नका, ठसका लागेल. कूट दह्यात कालवून द्या, दही सायीचं असलं तर उत्तम. चमचा हातात धरणं जड जात असेल, तर थालीपिठाचे तुकडे, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी असं हाताने उचलून खाता येईल ते पुढे ठेवा. या आजारात अनेकांना गोड आवडायला लागतं, तेव्हा नाचणीची दुधातली खीर बिस्किटापेक्षा कितीतरी चांगली. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं, रोज त्याच जागी, टीव्ही बंद. आणि कोणीतरी तिच्यासमोर बसून जेवा. समोरच्याला खाताना बघून हात आपोआप ताटाकडे जातो. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांना वजनाचे आकडे दाखवा. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिलसारखी गोळी चालू असेल तर विचारा, कारण तिनेही भूक आणि वजन कमी होऊ शकतं. कवळी सैल झाली आहे का, तोंडात फोड आहे का, बद्धकोष्ठ आहे का, हे बघून घ्या. बी-१२ आणि थायरॉइड अलीकडे तपासले नसतील तर तपासा. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि तिने विस्मरणात भर पडते. अंडं आणि दूध-दही ही बी-१२ मिळण्याची तिची साधनं होती, त्यांतलं अंडंच आपण बंद केलं. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज घशात पाणी असल्यासारखा घरघरत येत असेल, घास गालात राहत असेल, तर थांबू नका. गिळण्याची तपासणी तातडीने करून घ्या.

आता तुमचं. इथे बहिणीचं ऐकू नका.

तुमच्या वयात रक्तात वाढलेलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. फिनलंडमध्येच झालेल्या आणखी एका अभ्यासात, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मध्यमवयात एकूण कोलेस्टेरॉल २५० च्या वर असलेल्यांना उतारवयात अल्झायमर होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वरचा रक्तदाब १६० च्या पुढे असलेल्यांतही तसंच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात, बदलता येण्यासारखी जी चौदा कारणं दिली आहेत, त्यांत मध्यमवयातला वाढलेला एलडीएल नव्याने घेतला आहे. ऐकू कमी येणं, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, व्यायाम नसणं, एकटेपणा हीसुद्धा त्याच यादीत आहेत. सगळी कारणं टाळता आली तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. एलडीएल मेंदूच्या आत शिरत नाही, पण मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्या खराब करतो. रक्त कमी पडलं, लहान लहान झटके येऊन गेले, तर मेंदूला तग धरणं कठीण होतं.

बहीण कदाचित असंही सांगेल, की स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचं कोलेस्टेरॉल कमी असतं. असतं खरं. हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचं कोलेस्टेरॉल निदानाच्या किमान पंधरा वर्षं आधीपासून उतरू लागलं होतं. आजार आत सुरू झाल्याची ती खूण असावी. त्यावरून कोलेस्टेरॉल वाढू द्यावं असा अर्थ काढणं धोक्याचं आहे.

स्टॅटिनने विस्मरण होतं ही भीतीही मी हसण्यावारी नेणार नाही. काही रुग्णांनी तशा तक्रारी केल्या, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये गोळीच्या माहितीपत्रकात त्याची नोंद केली. सोबत हेही लिहिलं, की असं क्वचित होतं, गंभीर नसतं आणि गोळी थांबवल्यावर जातं. पण ज्या चाचण्यांत निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी दिली जाते, त्यांत काय दिसलं? ब्रिटनमध्ये वीस हजारांहून जास्त लोकांनी पाच वर्षं सिमव्हास्टॅटिन घेतली किंवा खोटी गोळी घेतली. दुसऱ्या एका चाचणीत ७० ते ८२ वयाचे ५,८०४ जण होते, गोळी प्रॅव्हास्टॅटिन. दोन्हींचे निकाल २००२ मध्ये आले. हृदयाचे झटके कमी झाले. स्मरणशक्तीत दोन गटांत फरक पडला नाही. अल्झायमर झाल्यावर स्टॅटिन दिली तर तो आजार सुधारत नाही, हेही तपासून झालेलं आहे, म्हणून आईला कोणी त्यासाठी ही गोळी सुचवली तर नको म्हणा. तुमची गोळी तुमच्या हृदयासाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी आहे.

गोळी घ्यायचीच का, हे ठरवताना डॉक्टरांसमोर पूर्ण चित्र ठेवा. थायरॉइड मंदावला तरी एलडीएल वाढतो, आणि पाळी जायच्या वयात बायकांचा एलडीएल तसाही चढतो. रक्तदाब, साखर, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, हे सांगा. गोळी सुरू झाली की महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल. स्नायू विनाकारण दुखायला लागले तर कळवा. मात्रा किंवा गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका.

ताटात तुमचं धोरण आईपेक्षा वेगळं ठेवा, एका घरात दोन ताटं वेगळी असली तरी बिघडत नाही. तूप चमचाभर पुरे. ओल्या खोबऱ्याचं वाटण आठवड्यात एखाद-दोन वेळा. खारी, टोस्ट, फरसाण, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे हे खरं कमी करायचं. मटकी, हुलगे, वाल यांच्या उसळी वाढवा, जवसाची चटणी करा, रात्री पाण्याबरोबर इसबगोल घ्या. इसबगोलने एलडीएल थोडा उतरतो, हे नीट तपासलेलं आहे. अंडं तुम्हीही खाऊ शकता. काही थोड्या लोकांचा एलडीएल मात्र अंड्याने बराच वाढतो, म्हणून सध्या आठवड्याला तीन-चार ठेवा आणि पुढच्या रिपोर्टवरून डॉक्टरांशी बोलून ठरवा. रोज अर्धा तास भरभर चाला. आईची सेवा करणाऱ्या बायका स्वतःसाठी बाहेर पडतच नाहीत, म्हणून हे ठासून सांगते. त्या अर्ध्या तासात दादाने आईजवळ बसावं.

त्याला एवढंच विचारा : आईचं वजन तुझ्यासमोर करू या का? वाद घालू नका. वजनकाट्यावरचा आकडा त्याला माझ्या पत्रापेक्षा लवकर पटेल. त्यालाही आई वाचवायचीच होती. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहीत जा, आणि दोन महिन्यांनी ते किती झालं हे मला नक्की कळवा. तुमच्या एलडीएलचा नवा आकडाही त्याच पत्रात लिहा.